छोट्या ट्रॅव्हलला कॉइल की एअर?

मागच्या चाकाला जेमतेम १२० मिलिमीटर ट्रॅव्हल (वर-खाली हलायला जागा) असलेल्या माउंटन बाइकवर कॉइल शॉक पाहिला की अनेकांच्या भुवया उंचावतात. वजन वाढतं, हे खरंच. पण खरा प्रश्न वजनाचा नाही.

कॉइल शॉकमधली साधी पोलादी स्प्रिंग सरळ रेषेत ताठ होते: जितकी दाबाल, तितका जोर त्याच प्रमाणात वाढतो. एअर शॉकमधली हवा मात्र शेवटाकडे झपाट्याने घट्ट होते, त्यामुळे मोठ्या उडीनंतरही शॉक सहसा तळाला आपटत नाही. ट्रॅव्हल कमी असेल तर ही शेवटची राखण मोलाची. शिवाय पंपाने दाब बदलता येतो, हवेची जागा कमी करणारे व्हॉल्यूम स्पेसर घालून शेवटचा ताठपणा वाढवता येतो. कॉइलमध्ये स्वाराचं वजन बदललं की स्प्रिंगच बदलायची.

मग कॉइल घ्यायची कशाला? घर्षण कमी, म्हणून बारीक खड्यांवरही चाक जमिनीला चिकटून राहतं. लांब उतारावर शॉक तापला तरी स्प्रिंगचा ताठपणा बदलत नाही; हवेचा दाब मात्र वाढतो.

निर्णय खरा फ्रेमच्या हातात असतो. लिव्हरेज रेशो, म्हणजे चाकाच्या हालचालीचं शॉकच्या हालचालीशी असलेलं प्रमाण, शेवटाकडे ठळकपणे घटत असेल तरच साधी स्प्रिंग तिथे निभावते. हा रेशो जवळपास सारखाच राहत असेल तर प्रोग्रेसिव्ह (शेवटाकडे अधिक ताठ होणारी) स्प्रिंग किंवा तळाला आपटणं रोखणारा हायड्रॉलिक बॉटम-आउट असलेला शॉक शोधावा. क्रॉस-कंट्री शर्यतीत तर वादच नाही: शर्यतपटू निनो शूर्टरच्या स्कॉट स्पार्क बाइकच्या फ्रेममध्ये दडलेला शॉकही एअरच होता. आणि हो, कॉइल घेण्याआधी फ्रेम-उत्पादकाची परवानगी तपासा; काही फ्रेमना कॉइल चालत नाही.