लघुग्रह धडकण्याची शक्यता आधी वाढते आणि मग शून्य होते, असं का?

फेब्रुवारी २०२५ मध्ये '२०२४ वायआर४' या लघुग्रहाच्या बातम्या तुमच्याही फोनवर आल्या असतील. २२ डिसेंबर २०३२ ला तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता १८ फेब्रुवारीला ३.१ टक्क्यांवर गेली. संभाव्य धडकेच्या पट्ट्यातल्या शहरांत मुंबईचंही नाव होतं. आणि २४ फेब्रुवारीला हाच आकडा थेट ०.००४ टक्के! शास्त्रज्ञ चुकले की काय, असं वाटणं साहजिक आहे. पण हे गणित असंच चालतं. कसं, ते बघू.

लघुग्रह सापडतो कसा?

टेलिस्कोप आकाशाच्या एकाच तुकड्याचे थोड्या थोड्या वेळाने फोटो काढतो. तारे जागेवर राहतात, लघुग्रहाचा ठिपका मात्र सरकलेला दिसतो. सॉफ्टवेअर असे ठिपके वेगळे काढतं, मग माणसं ते तपासतात. ऑगस्ट २०२० मध्ये कॅलिफोर्नियातल्या टेलिस्कोपच्या फोटोंमध्ये '२०२० क्यूजी' असाच सापडला. तो शोधणाऱ्यांत आयआयटी मुंबईचे विद्यार्थी कुणाल देशमुख आणि कृती शर्मा होते. गाडीएवढा हा दगड पृथ्वीपासून फक्त २,९५० किमीवरून गेला होता, आणि सापडला तो गेल्यानंतर काही तासांनी!

वायआर४ चिलीतल्या ॲटलास टेलिस्कोपला २७ डिसेंबर २०२४ ला दिसला. तोही पृथ्वीजवळून जाऊन दोन दिवस झाले होते.

टक्के कुठून येतात?

सुरुवातीला हातात थोड्याच रात्रींची निरीक्षणं असतात. प्रत्येक मोजमापात बारीकशी अनिश्चितता असते. कक्षा आठ वर्षं पुढे नेली की ती खूप मोठी होते. म्हणजे लघुग्रह २०३२ मध्ये कुठे असेल याचं उत्तर एक बिंदू येत नाही, लांबलचक पट्टा येतो.

सोपी पद्धत सांगतो. निरीक्षणांशी जुळणाऱ्या, पण एकमेकींपेक्षा किंचित वेगळ्या एक लाख कक्षा कॉम्प्युटरवर २०३२ पर्यंत चालवायच्या. त्यातल्या ३,१०० पृथ्वीला धडकल्या, तर शक्यता ३.१ टक्के.

मग आकडा वाढतो का?

समजा तुम्ही वर्ध्यात आहात आणि जीपीएस नीट पकडत नाहीये. मॅपवर तुमच्याभोवती मोठं निळं वर्तुळ दिसतं, अर्धं शहर त्यात. तुम्ही नेमके बजाज चौकात असण्याची शक्यता अगदी कमी. सिग्नल सुधारला, वर्तुळ लहान झालं, पण चौक अजून आतच आहे. आता शक्यता वाढली, आणि तुम्ही तर जागचे हललाही नाहीत! वर्तुळ आणखी लहान झालं आणि चौक बाहेर पडला. शक्यता शून्य.

इथे बजाज चौक म्हणजे आपली पृथ्वी. नव्या निरीक्षणांनी पट्टा आखडत गेला, पृथ्वी काही काळ त्याच्या आत होती, मग बाहेर पडली. लघुग्रहाचा मार्ग तोच होता, आपली माहिती सुधारली.

३.१ टक्क्यांचा अर्थच असा, की ३२ पैकी ३१ वेळा पृथ्वी बाहेर पडणार. पण उरलेल्या एका वेळी आकडा चढतच जाऊन १०० होणार. वायआर४ सुमारे ६० मीटरचा आहे, शहर उद्ध्वस्त करायला पुरेसा. अशी टक्कर कशी असते याची खूण आपल्या विदर्भातच आहे: बुलढाण्यातलं लोणार सरोवर. म्हणूनच तीन टक्केही कुणी हसण्यावारी नेत नाही.

पुढच्या बातमीत काय बघायचं?

• तोरिनो स्केल: ० ते १० अशी धोक्याची पट्टी. वायआर४ ३ पर्यंत गेला, नंतर ० वर आला.
• निरीक्षणं किती दिवसांची? थोड्याच दिवसांची असतील तर आकडा नक्की बदलणार.
• नासाच्या 'सेन्ट्री' यादीत आज काय आहे? यादी सगळ्यांसाठी खुली आहे.

याची पुढची परीक्षा ठरलेली आहे. भारतीय वेळेनुसार १४ एप्रिल २०२९ च्या पहाटे 'अपोफिस' पृथ्वीपासून सुमारे ३२,००० किमीवरून जाईल. २००४ मध्ये त्याचाही आकडा २.७ टक्के होता. २०२१ च्या रडार निरीक्षणांनंतर निदान १०० वर्षं तरी तो धडकणार नाही हे पक्कं झालंय. तेव्हा '२.७ टक्के' वाला फॉरवर्ड आला, तर आधी त्याची तारीख बघा.