नाईक हे आडनाव आले कुठून?

आपल्या पुसद तालुक्यात गहुली नावाचे गाव आहे. या एका गावाने महाराष्ट्राला दोन मुख्यमंत्री दिले. वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ पर्यंत मुख्यमंत्री होते. त्यांचे पुतणे सुधाकरराव नाईक १९९१ ते १९९३ पर्यंत. दोघेही बंजारा समाजाचे.

बंजारा लोक पूर्वी बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर फिरत. तांड्याचा जो पुढारी, त्याला नाईक म्हणत. कोणत्या वाटेने जायचे, मुक्काम कुठे करायचा, भांडण कसे मिटवायचे, हे नाईक ठरवी. कूळ राठोड असो की पवार, नाईकी घरात राहिली की तेच आडनाव होऊन बसे. पाटील, देशमुख ही आडनावेही अशीच कामावरून पडली, बरं का!

मूळ शब्द संस्कृत. नायक म्हणजे दुसऱ्याला पुढे नेणारा. बोलता बोलता ‘य’ झिजला, नायकाचा नाईक झाला. कानडीत तो नायकच राहिला. तमिळमध्ये नायक्कर झाला, तेलुगूत नायडू, ओडिशात पटनाईक. म्हणजे सरोजिनी नायडू आणि वसंतराव नाईक यांची आडनावे एकाच शब्दाची लेकरे! पलटणीतही नाईक असतो. शिपायाच्या वर, हवालदाराच्या खाली.

कोणी म्हणेल, मग सारे नाईक एका जातीचे काय? मुळीच नाही. १८३२ साली इंग्रजांनी फाशी दिलेले उमाजी नाईक रामोशी होते. गोव्यात सारस्वत ब्राह्मणांतही नाईक आहेत. ज्याच्याकडे पुढारपण आले, तो नाईक.

अर्थाने नाईक आणि नायक एकच. कचेरीत मात्र ती दोन माणसे होतात. ही चूक माझ्याच हातची, म्हणून सांगतो. शाळेत असताना एका पोराचे आडनाव मी रजिस्टरात ‘नायक’ लिहिले. पुस्तकात तोच शब्द शुद्ध! मला वाटले, आपण चूक सुधारली. पुढे तो बाप्या माणूस होऊन माझ्या दारात आला. वडील वारले होते. सातबाऱ्यावर वडील नाईक, दाखल्यावर हा नायक. वारसाची नोंद अडली होती. मी लेखी खुलासा दिला, तरी त्याला कितीतरी खेपा घालाव्या लागल्या.

शाळा सोडताना तो दाखला त्याच्या वडिलांनीच नेला होता. घडी घालून खिशात ठेवला होता. घरात वाचणारे कोणी नव्हते.