वृद्ध त्वचा आणि किरणांचा मारा

मे महिन्याच्या १९-२० तारखेच्या सुमारास जालना जिल्ह्यात मध्यान्हीचा सूर्य बरोबर माथ्यावर येतो. त्या दिवसांत मोसंबीच्या बागेला पाणी देणाऱ्या एखाद्या सत्तरीच्या शेतकऱ्याचा तळहातामागचा भाग पाहावा आणि मग सदऱ्याखाली झाकलेली पोटाची कातडी पाहावी. एक काळवंडलेली, सुरकुतलेली, डागाळलेली. दुसरी पुष्कळशी मऊ. वय दोन्हींचे एकच, तेव्हा हा फरक उन्हाचा, हे उघड आहे. परंतु त्याच उन्हात राबणाऱ्या त्याच्या नातवाची त्वचा हा मारा पचवते आणि आजोबांची पचवू शकत नाही. याचे कारण पेशींच्या वयात आहे.

सूर्यप्रकाशातील अतिनील किरण त्वचेच्या पेशींतील डीएनएच्या साखळीत शेजारच्या दोन कड्या एकमेकींना चिकटवून टाकतात. पेशी हा सदोष तुकडा कापून काढते आणि तेथे नवा बसवते. या दुरुस्तीची यंत्रणा उलगडणारे अझीझ सँकार यांना २०१५ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. हे दुरुस्तीचे काम वयोमानानुसार मंदावते. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रक्तातील पांढऱ्या पेशींवर झालेल्या, १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात विशी ते साठी या काळात ही क्षमता दरवर्षी सुमारे ०.६ टक्क्यांनी घटत असल्याचे आढळले होते. त्वचेच्या पेशींवरील प्रयोगांचा कलही तोच आहे. शिवाय त्वचेला रंग देणाऱ्या, म्हणजेच तिच्यावर छत्री धरणाऱ्या पेशी दर दशकात १० ते २० टक्क्यांनी कमी होतात. सावळ्या वर्णाचे संरक्षण मोठे खरे, पण तेही जन्मभर सारखेच पुरत नाही.

येथवरचे वाचून वृद्ध पेशी किरणांनी लवकर मरत असेल, असे वाटेल. प्रत्यक्षात प्रकार उलटा आहे, आणि तोच अधिक चिंतेचा. मानवी पेशी प्रयोगशाळेत साधारण ५० वेळा विभागून थांबतात, हे लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी १९६१ साली दाखवून दिले. अशा थांबलेल्या पेशी सहजी मरत नाहीत. त्या अंतस्त्वचेत साचत जातात आणि वरच्या थरातील पेशींना पोसणारे एक वाढ-प्रथिन पुरेसे तयार करत नाहीत. तरुण त्वचेत किरणांनी जखमी झालेली पेशी एक तर मरते, नाही तर विभाजन कायमचे थांबवते. या प्रथिनाच्या अभावी वृद्ध त्वचेतील जखमी पेशी मात्र तो दोष घेऊनच विभागत राहते, असे इंडियाना विद्यापीठातील संशोधकांना आढळले. उतारवयात त्वचेचा कर्करोग अधिक का दिसतो, याचे एक उत्तर येथे सापडते. बांधावर जाताना पूर्ण बाह्यांचा सदरा आणि डोक्याला रुमाल म्हणूनच साठीनंतर अधिक अगत्याचा. महिन्याभरात न भरणारी जखम, मग ती कितीही किरकोळ वाटो, डॉक्टरांना दाखवावी.

दुसरा प्रश्न रुग्णालयातील किरणांचा. जालन्याचे अनेक कर्करुग्ण छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात उपचारांसाठी जातात. किरणोपचाराला आपल्याकडे ‘शेक’ म्हणतात. हा शब्द फसवा आहे. त्यात उष्णतेने भाजणे नसते. हे किरण डीएनएच्या दोन्ही साखळ्या तोडतात, आणि अशी तूट सांधणारी प्रथिने वृद्ध पेशींत तुटीपाशी उशिरा गोळा होतात. मग ‘या वयात कातडी शेक सोसेल का’, ही घरच्यांची शंका रास्त मानावी काय? अंशतःच. पुष्कळदा रोजची मात्रा सुमारे २ ग्रे इतकीच ठेवून उपचार काही आठवडे चालवतात. दोन मात्रांमधल्या अवधीत निरोगी पेशींना दुरुस्तीला वेळ मिळावा, हाच त्यामागचा हेतू. केवळ वय झाले म्हणून किरणोपचार नाकारण्याचे कारण नाही. रुग्णाची एकंदर प्रकृती, मधुमेह, पोषण यांचा विचार करूनच तज्ज्ञ निर्णय घेतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात त्वचा लालसर होऊ लागते. वृद्धांमध्ये ती पूर्ववत व्हायला अधिक दिवस लागू शकतात, कारण तरुणपणी साधारण चार आठवड्यांत नवा होणारा वरचा थर आता त्याहून बराच काळ घेतो. त्या काळात सैल सुती कपडे वापरावेत, त्या जागी ऊन लागू देऊ नये आणि घरातले कोणतेही तेल वा मलम लावण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.