वायरलेस इंटरकॉम लावताय? आधी वायरीकडे बघा

मागे एका सभागृहात शास्त्रीय गायनाच्या कार्यक्रमाचं तीन कॅमेऱ्यांवर लाइव्ह होतं. दुपारी इंटरकॉम तपासला, आवाज खणखणीत. संध्याकाळी हॉल भरला आणि मागच्या कॅमेऱ्यावरच्या मुलाला आमचं बोलणं तुटक ऐकू यायला लागलं. "दोन नंबर, तुझ्यावर येतोय, हलू नकोस" हे त्याच्यापर्यंत पोचलंच नाही. त्याने नेमका त्याच वेळी कॅमेरा फिरवला आणि ते सगळ्यांना दिसलं.

यंत्र बिघडलेलं नव्हतं, जागा चुकली होती. बेस स्टेशन स्विचरच्या टेबलावर, म्हणजे कमरेच्या उंचीवर ठेवलं होतं. असे बरेचसे इंटरकॉम १.९ किंवा २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि या लहरी माणसाचं शरीर चांगल्याच शोषून घेतं. रिकाम्या खुर्च्यांवरून जाणारा सिग्नल भरलेल्या हॉलमध्ये अडतो. खोक्यावर छापलेली रेंज मोकळ्या मैदानातली असते, हेही विसरू नका.

मग अँटेना प्रेक्षकांच्या डोक्यांपेक्षा वर न्यायचा. बाल्कनीचा कठडा किंवा उंच स्टँड चालतो. मात्र एलईडी वॉल आणि लोखंडी ट्रसला चिकटवून लावू नका. काही सिस्टिममध्ये अँटेना बेसपासून वेगळा असतो आणि लॅन केबलने जोडता येतो. इथेच 'वायरलेस'मधली वायर सुरू होते. खरं तर हवेतून फक्त शेवटचा टप्पा जातो, अँटेना ते कमरेवरचा बेल्टपॅक. त्याआधीचं सगळं केबलवरच असतं.

लॅन केबल

साध्या इथरनेटची मर्यादा १०० मीटर. हॉलमध्ये केबल सरळ जात नाही. भिंतीच्या कडेने, दाराला वळसा घालून जाते, त्यामुळे अंतर पावलांनी नाही, केबलच्या वाटेने मोजा. केबल पूर्ण तांब्याचीच घ्या. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल मिळते. तिचा रोध जास्त असतो. अँटेनाला वीजही त्याच केबलमधून (पीओई) जात असेल तर लांबवर व्होल्टेज पडतं आणि अँटेना मध्येच बंद-चालू होतो. दोष मात्र सगळे सिग्नलला देतात!

अजून एक फसवी गोष्ट. आरजे-४५ सॉकेट दिसलं म्हणजे ते नेटवर्कच असेल असं नाही. काही ठिकाणी त्यातून कंपनीचा स्वतःचा सिग्नल जातो, तर काही ठिकाणी साधा ॲनालॉग ऑडिओ. मॅन्युअल न बघता ते नेटवर्क स्विचमध्ये घालू नका. पीओई इंजेक्टर तर अजिबात नको.

जुन्या वायरच्या इंटरकॉमला जोडताना

बऱ्याच नाट्यगृहांत आधीपासून तीन पिनांच्या एक्सएलआरवरची पार्टी-लाइन असते. दिसायला माइकची केबल, पण आत वेगळा कारभार. क्लिअर-कॉम पद्धतीत पिन १ ग्राउंड, पिन २ वर साधारण ३० व्होल्ट डीसी आणि पिन ३ वर ऑडिओ. आरटीएसच्या पद्धतीत पिन २ वर वीज आणि पहिल्या चॅनेलचा ऑडिओ एकत्र, पिन ३ वर दुसरा चॅनेल. म्हणून सॉकेट जुळलं तरी पद्धत जुळेलच असं नाही. बेसच्या सेटिंगमध्ये योग्य पद्धत निवडा. आणि ही लाइन चुकूनही मिक्सरच्या माइक इनपुटला लावू नका.

एका चॅनेलला टर्मिनेशन एकच हवं, साधारण २०० ओहम. मुख्य स्टेशन आणि वायरलेस बेस दोन्हीकडे ते चालू राहिलं की सगळ्यांचा आवाज खाली जातो. कुठेच नसेल तर आवाज फुगतो, शिट्टी वाजते. "हेडफोन खराब आहे" म्हणण्याआधी ही बटणं बघा. मग नल ॲडजस्ट करा, म्हणजे बेसने पाठवलेला आवाज परत बेसकडेच येणार नाही. पण हे सगळ्या केबल जोडून झाल्यावर आणि सगळ्यांचे माइक बंद ठेवून करायचं. नंतर केबल वाढवली तर पुन्हा करायचं.

केबल टाकताना विजेच्या केबलला समांतर नेऊ नका, ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा. दोन्ही टोकांना नाव लिहा. अँटेनापर्यंत एक जादा केबल टाकून ठेवा, दारात कुणी ट्रॉली फिरवली की उपयोगी पडते.

सिस्टिम २.४ गिगाहर्ट्झची असेल तर हॉलच्या वाय-फायशी टक्कर होणार. हॉलच्या तंत्रज्ञाला वाय-फाय एका ठरावीक चॅनेलवर (१, ६ किंवा ११) ठेवायला सांगा आणि आपल्या टीमचे हॉटस्पॉट बंद करा.

शेवटी चालून बघा. एकाने बेल्टपॅक लावून आकडे मोजत विंगेत, मेकअप रूमच्या दारापर्यंत, शेवटच्या रांगेपर्यंत जायचं, दुसऱ्याने ऐकायचं. बेल्टपॅक कमरेला मागे लावून, अँटेनाकडे तोंड करून चाला, म्हणजे मध्ये आपलंच शरीर येतं. आणि शक्य असेल तर प्रेक्षक बसल्यावर, पडदा उघडायच्या आधी पुन्हा एकदा. आम्ही त्या संध्याकाळी तेवढंच केलं नव्हतं.