फायबरचा बंपर घरच्या घरी

मी पाचोडवरून बोलतोय. स्पोर्ट्स कार जुनी, बंपर फुटला, नवा कुठंच मिळेना; मग? गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म आठवा. १९९८ला आली, मोजक्याच बनल्या, पण बॉडी फायबरग्लासची. म्हणजे पार्ट घरी बनवता येतो.

फुटलेले तुकडे आतून जोडा, बाहेरून पुट्टी भरून घासा. हा झाला नमुना. त्यावर मेणाचे चार-पाच हात, मग जेलकोट, मग रेझिनमध्ये भिजवलेली काचेच्या धाग्यांची मॅट. घट्ट झालं की साचा सुटतो. त्याच्या आत पुन्हा तेच सगळं केलं की बंपर तयार. रोलरनं हवा काढा, फुगा राहिला की तिथंच तडकतं.

हार्डनर शंभर ग्रॅम रेझिनला एक-दोन ग्रॅमच. आपल्या मराठवाड्याच्या उन्हात जास्त पडलं तर डब्यातच तापून दगड होतो. मी तर म्हणतो, सकाळीच उरका.

आता नीट ऐका. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकत्र करायचं नाही, स्फोट होऊ शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये ढवळा, मगच हार्डनर. मास्क, चष्मा, हातमोजे हवेतच. आणि बंपरमागचं लोखंड काढू नका; धक्का ते झेलतं, फायबर नाही.