गव्हाणीआधीचे चार रविवार

नाताळच्या देखाव्यात गोठा असतो, गव्हाण असते, मेंढपाळ असतात आणि भोवती हिरवंगार शेत असतं. हे शेत कागदाचं नको, खरंच उगवलेलं हवं, असा पुष्कळ कॅथलिक घरांचा आग्रह असतो. मग प्रश्न येतो पेरणीचा. 24 डिसेंबरच्या रात्री बोटभर उंचीचं पीक उभं हवं, तर दाणे मातीत कधी टाकायचे?

गोवा, मंगळूर, मुंबईकडे यासाठी नाचणी पेरायची पद्धत आहे. समुद्रकाठच्या उबेत ती चार-पाच दिवसांत वर येते. यवतमाळात तिचा भरवसा नाही. डिसेंबरात इथे रात्रीचा पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो आणि नाचणीला थंडी मानवत नाही. गहू मात्र रब्बीचाच गडी, थंडीतही तो खुशाल उगवतो. भिजवलेले गहू पसरट ताटलीत मातीवर दाट पेरले की दहा-बारा दिवसांत काम होतं. म्हणजे पेरणी पडते नाताळच्या आधीच्या दुसऱ्या आठवड्यात.

यात एक गंमत आहे. ताटली झाकून अंधारात ठेवली तर कोंब भराभर वाढतात, पण फिकट पिवळे राहतात. उजेड शोधण्यासाठी रोप आपली सगळी शिदोरी उंचीवर खर्च करतं, हिरवा रंग बनवायला त्याला प्रकाश लागतो. उजेडात आणलं की एक-दोन दिवसांत तेच कोंब हिरवे होतात. यवतमाळकरांना हा पिवळा रंग ओळखीचा आहे. कोलकात्यानंतर ज्या गावाच्या दुर्गोत्सवाचं नाव निघतं, तिथे नवरात्रातल्या घटाभोवतीचं धान्य घरोघरी पाहिलेलं असतं. फ्रान्सच्या प्रोव्हान्स भागात 4 डिसेंबरला, संत बार्बराच्या सणाला, तीन बशांत गहू पेरतात आणि ते नाताळच्या मेजावर मांडतात. हंगेरी आणि क्रोएशियात हीच पेरणी 13 डिसेंबरला, संत लुसियाच्या दिवशी होते. एकमेकांना कधी न भेटलेल्या माणसांनी सणाचे दिवस मोजायला ताटलीतलं धान्यच निवडावं, याचं मला फार नवल वाटतं.

ही पेरणी ज्या दिवसांत होते, त्यांना मराठी कॅथलिक ‘आगमनकाळ’ म्हणतात. चर्चचं वर्ष इथूनच सुरू होतं, 1 जानेवारीला नव्हे. त्याचा हिशेब असा: 30 नोव्हेंबरला संत आंद्रेयाचा सण असतो, त्याच्या सर्वांत जवळचा रविवार तो आगमनकाळाचा पहिला. हा रविवार 27 नोव्हेंबरच्या आधी येत नाही आणि 3 डिसेंबरच्या पुढे जात नाही. रविवार चारच, पण दिवस सारखे नसतात. 2022 मध्ये नाताळ रविवारी आला आणि आगमनकाळ पूर्ण 28 दिवसांचा झाला. 2023 मध्ये नाताळ सोमवारी आला, तेव्हा चौथा रविवार 24 डिसेंबरलाच पडला आणि सगळा काळ 22 दिवसांत आटोपला. सकाळी चौथ्या रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, आणि त्याच रात्री नाताळची मध्यरात्रीची मिस्सा! त्या वर्षी देशभरच्या फादरांची आणि गायकवृंदांची काय धांदल उडाली असेल.

चार आठवड्यांचं हे माप पहिल्यापासूनचं नाही. पाचव्या शतकात फ्रान्समधल्या तूर गावच्या पर्पेतुअस या बिशपांनी 11 नोव्हेंबरपासून नाताळपर्यंत आठवड्यातून तीन उपास सांगितले होते. पुढे रोमने तो काळ चार रविवारांवर आणला. मिलान शहराने मात्र आपला जुना हट्ट सोडला नाही. तिथे आजही सहा आठवडे पाळतात.

नवखा माणूस पहिल्या रविवारी चर्चमध्ये गेला तर चक्रावेल. बाळाचं नाव नाही, गोठ्याचं नाव नाही. शुभवर्तमानात विषय असतो जगाच्या अंताचा: जागे राहा, घटका कुणालाच ठाऊक नाही. दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी बाप्तिस्मा देणारा योहान येतो, उंटाच्या केसांचा झगा घातलेला, टोळ आणि रानमध खाणारा, आणि वाट सरळ करायला सांगतो. मरिया ठळकपणे समोर येते ती थेट चौथ्या रविवारी. चर्चच्या लेखी ही वाट दोन आगमनांची आहे. एक बेथलेहेमात झालेलं, दुसरं अजून व्हायचं. 16 डिसेंबरपर्यंत भर दुसऱ्यावर असतो, 17 पासून पहिल्यावर. शुभवर्तमानंही वर्षागणिक फिरतात. एक वर्ष मत्तयाचं, एक मार्कचं, एक लूकचं, की पुन्हा मत्तय.

वेदीवरचं वस्त्र या काळात जांभळं, संयमाचं. ‘ग्लोरिया’ हे स्तोत्र रविवारीही गात नाहीत. कारण मोठं देखणं आहे: कथेप्रमाणे ते देवदूतांनी बेथलेहेमच्या रात्री गायलं, मग ती रात्र उजाडण्याआधी आपण कसं गायचं? मध्यरात्रीच्या मिस्सेत ते परततं तेव्हा घंटा वाजवण्याची चाल आहे. ‘आलेलुया’ मात्र चालूच राहतं. उपासकाळात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत, तेही बंद असतं. म्हणजे आगमनकाळाची गंभीरता वेगळ्या जातीची आहे. त्यात आनंद दबा धरून बसलेला असतो.

तिसऱ्या रविवारी तो बाहेर डोकावतो. त्या दिवशी फादरांना जांभळ्याच्या जागी गुलाबी झगा घालायची मुभा असते. गुलाबी झगा वर्षातून दोनदाच बाहेर निघणार, त्यामुळे लहान धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चभोवतीच्या समुदायात, तो नसला तरी कुणी बोल लावत नाही, जांभळाच चालवून घेतात. या रविवारी आनंद करायचं जे आवाहन होतं ते संत पौलाच्या फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रातून आलेलं आहे आणि हे पत्र त्याने तुरुंगातून लिहिलं होतं. रोममध्ये याच रविवारी मुलं आपल्या घरच्या देखाव्यातल्या बाळाच्या मूर्ती घेऊन जमतात आणि पोप त्यांना आशीर्वाद देतात. ही प्रथा 1969 पासूनची.

आता मेणबत्त्यांकडे येतो. हिरव्या पानांचं गोल कडं, त्यावर तीन जांभळ्या आणि एक गुलाबी मेणबत्ती, दर रविवारी एक वाढवायची. ही प्रथा कॅथलिकांची मानली जाते, पण मूळची आहे प्रोटेस्टंटांची. 1839 साली हॅम्बुर्गमध्ये योहान हिन्रिख विखर्न हे पाद्री गरीब मुलांसाठी आश्रम चालवत. नाताळ कधी, नाताळ कधी, म्हणून मुलं त्यांना भंडावून सोडत. विखर्न यांनी गाडीचं लाकडी चाक टांगलं. त्यावर रविवारांसाठी चार मोठ्या पांढऱ्या आणि मधल्या दिवसांसाठी लहान लाल मेणबत्त्या लावल्या आणि रोज एक पेटवायला सुरुवात केली. कॅथलिक चर्चमध्ये हे कडं पोचायला 1925 उजाडावं लागलं, तेही कोलोनमध्ये.

हॅम्बुर्गला ही कल्पना का सुचली, हे आकाशाकडे पाहिलं की कळतं. तिथे 21 डिसेंबरचा दिवस जेमतेम साडेसात तासांचा. भर दुपारी सूर्य क्षितिजापासून 13 अंशांवर रेंगाळतो. यवतमाळात त्याच दिवशी जवळपास अकरा तास ऊन असतं आणि दुपारचा सूर्य 46 अंशांवर. इतकं तर नकाशा पाहूनही ताडता येतं. खरं आश्चर्य पुढे आहे. वर्षातला सर्वांत लहान दिवस 21-22 डिसेंबरचा, पण सूर्य सर्वांत लवकर मावळतो तो दिवस वेगळा असतो. हॅम्बुर्गात तो डिसेंबरच्या मध्यावर येतो. यवतमाळच्या अक्षांशावर तो नोव्हेंबरच्या अखेरच्या आठवड्यातच येऊन जातो. पृथ्वी कललेली आहे आणि तिची कक्षा लंबवर्तुळाकार आहे, त्यामुळे डिसेंबरात माध्यान्हाची खरी वेळ घड्याळात रोज जवळपास अर्धा मिनिट पुढे सरकते. उत्तरेकडे दिवस इतक्या वेगाने आखडतो की हे सरकणं बराच काळ झाकलं जातं. आपल्याकडे दिवस हळू आखडतो, म्हणून तेच वरचढ ठरतं. सकाळ उशिरा होत जाते, पण सूर्यास्तही पुढे जातो.

याचा अर्थ असा की हॅम्बुर्गच्या मुलांची पहिली-दुसरी मेणबत्ती पेटत होती तेव्हा तिथली संध्याकाळ आणखी लवकर काळी होत होती. यवतमाळात पहिल्या मेणबत्तीपासून नाताळपर्यंत संध्याकाळ सात-आठ मिनिटांनी लांबते. विधी उत्तरेच्या अंधारात घडला, तरी मेणबत्त्यांच्या जोडीने संध्याकाळचा उजेड वाढतो तो इथे. पंचांग घेऊन सूर्यास्ताच्या वेळा पडताळून पाहा.

17 ते 23 डिसेंबर या सात संध्याकाळी सायंप्रार्थनेत सात जुनी धृपदं म्हणतात. प्रत्येकात येणाऱ्याला नव्या नावाने हाक असते: प्रज्ञा, प्रभू, मूळ, किल्ली, उदय, राजा, इम्मानुएल. ‘उदय’ येतो 21 तारखेला, सर्वांत लहान दिवसाच्या सुमारास. लॅटिनमधली ही सात नावं शेवटाकडून पहिल्याकडे मांडून त्यांची आद्याक्षरं वाचली तर ‘एरो क्रास’ असे दोन शब्द तयार होतात. अर्थ, ‘उद्या मी असेन’. सातवं धृपद 23 च्या संध्याकाळी म्हटलं की कोडं पूर्ण होतं.

वाट पाहण्याला एवढी जागा द्यायची ही रीत मराठीत चारशे वर्षांपूर्वीच आली. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेजुइट 1579 साली गोव्यात उतरले आणि त्यांचं ‘क्रिस्तपुराण’ 1616 साली राशोल इथे छापलं गेलं. त्यात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. पुराणाचे भाग दोन आणि येशूची कथा दुसऱ्यात. पहिल्या पुराणाचे 36 अध्याय, ज्यांना ते ‘अवस्वरू’ म्हणतात, सृष्टीच्या उत्पत्तीपासून संदेष्ट्यांच्या भविष्यवाण्यांपर्यंतच्या वाट पाहण्याचे आहेत. एवढं असून चर्चमधली मिस्सा मात्र लॅटिनमध्येच राहिली. ती मराठीत यायला 1962 ते 65 ची दुसरी व्हॅटिकन परिषद व्हावी लागली.

यवतमाळ जिल्हा अमरावती धर्मप्रांतात येतो. नागपूरमधून हा धर्मप्रांत 1955 साली वेगळा झाला. जिल्ह्यात प्रोटेस्टंट परंपराही जुनी आहे. पुण्यातली युनियन बिब्लिकल सेमिनरी 1983 पर्यंत यवतमाळातच होती. धर्मग्राम छोटा असला की तयारीत सगळेच कामाला लागतात. पापनिवेदनासाठी रांगा, चर्चची रंगरंगोटी, नाताळगीतांचा सराव, मग तरुणांची टोळी घरोघरी गात फिरते. कामट्या बांधून कागदी चांदणी करणारे हात दिवाळीच्या आकाशकंदिलावर आधीच तयार झालेले असतात. करंज्या, शंकरपाळे, चकल्यांचे डबेही पुन्हा भरतात. देखाव्यातल्या गोठ्याला तुराट्यांचा कूड आणि गवताचं छप्पर करायला विदर्भात कुणाला शिकवावं लागत नाही.

आणि बर्फ! बेथलेहेमात तो क्वचितच पडतो, नाताळात शिरला तो युरोपच्या भेटकार्डांतून. देशभर झाडांवर आणि गोठ्यांवर बर्फ म्हणून कापूस लावतात, बहुतेक जण औषधाच्या दुकानातून गुंडाळी आणून. यवतमाळात त्या दिवसांत वेचणी चालू असते. अख्ख्या देशाचा खोटा बर्फ जिथे शेतात पिकतो, अशा जिल्ह्यात नाताळ पाहायला मिळणं हे भाग्यच म्हणायचं.

गोठ्यात सगळे हजर असतात, फक्त गव्हाण रिकामी असते. देखाव्याची चाल संत फ्रान्सिस यांनी 1223 साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी पाडली. बाळाची मूर्ती 24 च्या मध्यरात्रीच ठेवायची असते. काही घरांत मुलं रोज एखादं चांगलं काम करून गव्हाणीत गवताची एक काडी टाकतात. मूर्ती येईपर्यंत बिछाना मऊ झाला पाहिजे, ही जबाबदारी त्यांची.

25 तारखेला चर्च पाहायला सगळेच जातात आणि गर्दीत फारसं दिसत नाही. त्यापेक्षा आधी जा. 2026 मध्ये आगमनकाळाचे रविवार 29 नोव्हेंबर, 6, 13 आणि 20 डिसेंबरला येतात. गुलाबी मेणबत्ती 13 तारखेला पेटेल. मिस्सेची वेळ फादरांना विचारून घ्या आणि मागच्या बाकावर बसा, अनोळखी पाहुण्याला तिथे कुणी हटकत नाही.