एडिनबराच्या पुलाखालची भुते

स्कॉटलंडची राजधानी एडिनबरा. तिथला साउथ ब्रिज वरून चालताना पूल वाटतच नाही; दोन्ही बाजूंना दुकाने, मधून बसगाड्यांची वर्दळ. १७८८ साली खुल्या झालेल्या या पुलाला १९ कमानी आहेत. त्यांतली काउगेट रस्त्यावरची एकच उघडी दिसते, बाकीच्या इमारतींआड गेल्या. या झाकलेल्या कमानींच्या पोटात मजले आणि भिंती घालून शंभरावर खोल्या काढल्या गेल्या. त्यांनाच ‘व्हॉल्ट्स’ म्हणतात.

सुरुवातीला तिथे चांभारांसारखे कारागीर, दारूचे गुत्ते आणि कोठारे होती. पण पुलाचे काम घाईत उरकलेले; पाणी अडवण्याची सोयच नव्हती. पाऊस दगडांतून झिरपू लागला, माल खराब होऊ लागला, तसे व्यापारी निघून गेले आणि कुठेच थारा नसलेली गोरगरीब माणसे आत शिरली. उजेड नाही, वारा नाही, संडास नाही. एकोणिसाव्या शतकात खोल्या राडारोड्याने बुजवण्यात आल्या. १९८०च्या दशकात त्या पुन्हा सापडल्या. उपसताना मुलांची खेळणी, औषधाच्या बाटल्या, ताटल्या आणि कालवांचे शिंपले निघाले.

भुते गाजली ती पर्यटकांच्या फेऱ्या सुरू झाल्यावर. जड बूट वाजवत फिरणारा ‘मिस्टर बूट्स’, पाहुण्यांचा हात धरणारा लहान मुलगा. शरीरशास्त्राच्या शिक्षकाला प्रेते विकण्यासाठी १८२८ मध्ये १६ खून पाडणारे बर्क आणि हेअर इथे सावज शोधत, असेही सांगतात. त्याला पुरावा मात्र नाही.

२००१ मध्ये मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वाइजमन यांनी दोनशेहून अधिक स्वयंसेवकांना या खोल्यांत पाठवले. अचानक गारवा, कुणीतरी पाठीशी उभे असल्याचा भास, पावलांचे आवाज अशा नोंदी ‘झपाटलेल्या’ म्हणून ख्यात असलेल्या खोल्यांत जास्त आल्या, आणि त्या खोल्यांची ख्याती आधी ठाऊक असण्या-नसण्याने फरक पडला नाही. भूत मानणाऱ्यांना इथे आनंद व्हावा; पण भासांचा मेळ बसला तो प्रकाशाची पातळी, खोलीची ठेवण अशा भौतिक गोष्टींशी. अंधारात डोळे चाचपडतात. एखादा स्थिर प्रकाशबिंदूही हलताना दिसतो. उघड्या दगडी भिंतींवर आवाज घुमतो आणि तो नेमका कुठून आला, ते कळत नाही. मेंदू अशा अर्धवट माहितीतून माणूसच जुळवतो. वाऱ्याला माणूस समजण्यात नुकसान थोडे, उलट चूक झाली तर जिवावर बेतते.

कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनीकडेही बोट दाखवले जाते. १९९८ मध्ये अभियंता विक टँडी यांनी प्रयोगशाळेतल्या ‘भुता’चा माग पंख्यापर्यंत काढला; त्या पंख्याच्या सुमारे १९ हर्ट्झच्या कंपनांमुळे भास होत असावेत, असे त्यांचे म्हणणे. मात्र पुढे लंडनमध्ये मुद्दाम बनवलेल्या खोलीत मानसशास्त्रज्ञ ख्रिस फ्रेंच आणि सहकाऱ्यांनी असा ध्वनी व विद्युत्चुंबकीय क्षेत्रे कधी चालू, कधी बंद ठेवून पाहिली. भास दोन्ही वेळा झाले. ‘इथे काहीतरी जाणवू शकते’ एवढी पूर्वसूचनाच पुरेशी ठरली असावी, असा निष्कर्ष निघाला. व्हॉल्ट्समधल्या फेऱ्यांत तर ही सूचना तिकिटातच मिळते.